जेफ्री कोम्ब्सच्या टेबलासमोरची रांग

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अखेरीस तू चिमटा काढत जो प्रश्न विचारला आहेस, त्याचेच उत्तर आधी लिहितो. अमेरिकेत भरणाऱ्या चाहत्यांच्या संमेलनांत नायक-नायिकांच्या टेबलांसमोर गर्दी होते, हे तुला समजू शकते. परंतु ज्याचा चेहरा कधी निळ्या रंगाखाली तर कधी रबरी कानांखाली झाकलेला असतो आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत पाहुण्या कलाकारांमध्ये येते, त्या जेफ्री कोम्ब्सच्या स्वाक्षरीसाठी लोकांनी पदरमोड करून रांगेत का उभे राहावे, असे तू विचारतोस. यात भाबडेपणाखेरीज काही असल्यास कळवावे, अशी पुस्तीही जोडतोस. म्हणून हे लांबलचक पत्र.

कोम्ब्सचा जन्म 1954 चा, कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्डचा. सांता मारिया येथील नाट्यशाळेत आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात त्याने अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि काही वर्षे पश्चिम किनाऱ्यावरील नाट्यसंस्थांमध्ये कामे केली. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण त्याच्या कामातील जे जे चाहत्यांना मोहवते, त्याचे मूळ रंगभूमीवर आहे. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला डोळ्यांतील भाव दिसत नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते आवाज, उभे राहण्याची ढब आणि हातांची हालचाल. पुढे चेहऱ्यावर रबराचे थर चढले तेव्हा हीच शिदोरी त्याच्या कामी आली.

1985 मध्ये ‘री-ॲनिमेटर’ हा भयपट आला. भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथेवरून तो दिग्दर्शित केला होता स्टुअर्ट गॉर्डनने, आणि गॉर्डनही शिकागोच्या नाट्यवर्तुळातून आलेला. मृतांना हिरव्या चमकत्या द्रवाने उठवणाऱ्या हर्बर्ट वेस्ट या वैद्यकीय विद्यार्थ्याची भूमिका कोम्ब्सने केली. रक्ताचा सडा, तुटलेली शिरे, सारा धुडगूस. आणि त्याच्या मधोमध हा किरकोळ अंगाचा, चष्मेवाला तरुण आपल्या प्रयोगात कोणी व्यत्यय आणतो म्हणून निव्वळ वैतागलेला! विनोदासाठी तो कोठेही डोळा मिचकावत नाही. वेस्टला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो, आणि म्हणून चित्रपट इतक्या वर्षांनंतरही शिळा होत नाही. त्यानंतर भयपटांच्या जगात कोम्ब्सचे नाव पक्के झाले. गॉर्डनबरोबर त्याने पुढच्याच वर्षी ‘फ्रॉम बियाँड’ केला आणि 1996 मध्ये पीटर जॅक्सनच्या ‘द फ्रायटनर्स’मध्ये मनाने पार उद्ध्वस्त झालेला एक सरकारी तपास अधिकारी रंगवला. या काळात त्याने कितीतरी सुमार चित्रपटही केले, हे कबूल करायला हवे. चाहते तेही आवडीने पाहतात. माझ्याने ते होत नाही.

परंतु ज्या प्रेमाविषयी तू विचारतो आहेस, ते मुख्यत्वे ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथांच्या अमेरिकी दूरचित्रवाणी-मालिकांमधून आलेले आहे. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेत विल्यम रायकरच्या भूमिकेसाठी कोम्ब्सने चाचणी दिली होती; ती भूमिका जोनाथन फ्रेक्सला मिळाली. 1994 मध्ये कोम्ब्स प्रथम ‘डीप स्पेस नाईन’ या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या एका भागात टिरॉन नावाचा लंपट परग्रहवासी म्हणून आला, तेव्हा त्या भागाचा दिग्दर्शक हाच फ्रेक्स होता. टिरॉन कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. पुढच्या वर्षी ब्रंट आला. व्यापारालाच धर्म मानणाऱ्या फेरेंगी जमातीचा हा वसुली अधिकारी, मोठे कान आणि वाकडे दात लावलेला, दुसऱ्याच्या अडचणीचा वास लागताच जिभल्या चाटणारा. आणि 1996 मध्ये, ‘टू द डेथ’ या भागात, वेयून आला.

वेयूनवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण रांगेचे बरेचसे उत्तर त्याच्यात आहे. तो व्होर्टा जमातीचा, म्हणजे एका क्रूर साम्राज्याचा राजदूत. तो बोलतो मृदू आवाजात, तळवे उघडे ठेवून, मान किंचित कलती करून. समोरच्याचे गाव बेचिराख करण्याचा हुकूमही अशा अदबीने देईल, की ऐकणाऱ्याने क्षणभर आभार मानावेत. पहिल्याच भागाच्या शेवटी त्याला ठार मारण्यात आले होते. नंतर लेखकांना रुखरुख लागली, असा नट हातचा घालवला म्हणून! मग त्यांनी तोड काढली: व्होर्टा म्हणे एकाच मूळ देहाच्या प्रतिकृतींतून जन्मतात, एक मेला की पुढचा हजर. 1997 मध्ये वेयून परत आला तो पाचवा म्हणून, कारण मेलेला चौथा होता. पाचवा अपघातात गेला, सहाव्याने आपल्याच साम्राज्याशी फारकत घेतली, सातव्याची मान वॉर्फ या योद्ध्याने मोडली आणि आठवा 1999 मध्ये मालिकेच्या अखेरच्या भागात गॅरक या माजी हेराच्या हातून मेला. एका नटाच्या कसबामुळे कथेतील एका अख्ख्या जमातीचे जीवशास्त्र बदलावे लागले, याहून मोठी दाद कोणती असेल?

आता सहावा आणि सातवा यांची गोष्ट. 1998 च्या ‘ट्रेचरी, फेथ अँड द ग्रेट रिव्हर’ या भागात दोघेही जिवंत आहेत आणि पडद्यावरून एकमेकांशी बोलतात. रंगभूषा तीच, वेशभूषा तीच, आवाजाची जातही तीच. तरी कोण कोणता हे सांगण्यासाठी पाट्या लावाव्या लागत नाहीत. सातवा कावेबाज आणि चिडखोर आहे. सहाव्याचे सारे मार्दव मात्र खरे आहे. ज्या मार्दवाची आपल्याला आजवर भीती वाटत आली, तेच त्याच्या ठायी निर्मळ होऊन येते. ज्याला तो देव मानतो त्या रूप बदलणाऱ्या ओडोला वाचवण्यासाठी तो स्वतःचा प्राण देतो आणि मरताना त्याच्याकडे आशीर्वाद मागतो. ओडो झालेल्या रने ओबेरजोन्वाच्या चेहऱ्यावर मुखवट्यासारखी रंगभूषा, कोम्ब्सच्या कानांवर व्होर्टांच्या रबरी कडा आणि डोळ्यांत जांभळी भिंगे. अशा दोन झाकलेल्या माणसांनी तो प्रसंग केला आहे, आणि आशीर्वाद देताना ओडोला वाटणारा संकोच व तो मिळताना वेयूनला वाटणारी कृतार्थता यांत काहीही झाकलेले राहत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ या उपान्त्य भागात, कोम्ब्स ब्रंट आणि वेयून अशा दोन्ही भूमिकांत दिसतो. दोघे समोरासमोर येत नाहीत. ज्याला ठाऊक नाही तो प्रेक्षक संपूर्ण भाग पाहून उठेल आणि दोन वेगळे नट पाहिल्याचे शपथेवर सांगेल. ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र दुहेरी आनंद होतो. चाहत्याचे खरे सुख येथे आहे. ताऱ्याचा चेहरा सर्वांनाच ओळखता येतो. तो ओळखण्यात पाहणाऱ्याचे कसब काही लागत नाही. मात्र निळ्या चेहऱ्याच्या, शिंगांसारख्या शुंडा असलेल्या सेनानीच्या तोंडचे एक वाक्य ऐकून ‘अरे, हा तर वेयून!’ असे ज्याला उमगते, त्याने स्वतःच्या कानांनी काहीतरी मिळवलेले असते. असा नट त्याला आपला वाटतो, कारण तो त्याने स्वतः शोधून काढलेला असतो. तू ज्याला भाबडेपणा म्हणतोस, तो माझ्या मते रसिकतेचाच एक हट्टी प्रकार आहे.

तो निळा सेनानी म्हणजे श्रान. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘एंटरप्राइज’ मालिकेत कोम्ब्सने तो साकारला. त्याच्या डोक्यावरील शुंडा कॅमेऱ्यामागचा एक तंत्रज्ञ दूरनियंत्रणाने हलवीत असे. म्हणजे अर्ध्या भावना दुसऱ्याच्या बोटांतून यायच्या. असे असूनही श्रानचा ताठा, त्याचा संशयी स्वभाव आणि ज्याला तो हिणवून ‘गुलाबी कातडीवाला’ म्हणतो त्या कॅप्टन आर्चरविषयी हळूहळू वाढत गेलेला आदर हे सर्व कोम्ब्सचेच आहे. पुढच्या पर्वात श्रानला जहाजावरच्या मंडळींत सामील करून घेण्याचा निर्मात्यांचा विचार होता. पण 2005 मध्ये मालिकाच बंद पडली. कायमच्या पात्राचा मान त्याच्या पदरात असा पडता पडता राहिला, आणि याची खंत त्याच्याहून त्याच्या चाहत्यांना अधिक असावी, असे त्यांचे प्रश्न ऐकून वाटते.

त्याचा स्वतःचा चेहरा या विश्वात दिसतो तो फार क्वचित. 1998 च्या ‘फार बियाँड द स्टार्स’ या भागात कथा गेल्या शतकाच्या मध्यावरील न्यूयॉर्कमध्ये जाते आणि एरवी रंगभूषेखाली असलेले सगळे नट उघड्या चेहऱ्यांनी वावरतात. कोम्ब्स आणि मार्क अलेमो हे तेथे दोन पोलीस आहेत आणि ते एका कृष्णवर्णीय लेखकाला बेदम मारतात. परग्रहावरच्या खलनायकांचे सारे रबर उतरल्यावर खाली सर्वांत भयंकर असा साधा माणूस निघावा, ही दिग्दर्शक ॲव्हरी ब्रूक्सची योजना मला फार मोठी वाटते.

नुसत्या आवाजावरही त्याने पुष्कळ काम केले आहे. ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ या व्यंगचित्रमालिकेतला ‘क्वेश्चन’ हा त्याच्या आवाजातला, आणि या वीराला तर नाक-डोळे-तोंड काहीच नाही, नुसता कोरा चेहरा! ‘ट्रान्सफॉर्मर्स प्राइम’मधील चिडका वैद्य रॅचेट त्याचाच. त्यामुळे त्याच्या टेबलासमोरच्या रांगेत ‘री-ॲनिमेटर’ची जुनी जाहिरात घेतलेला पन्नाशीचा गृहस्थ, कानांवर फेरेंगी कान चढवलेली बाई आणि रॅचेटचे खेळणे छातीशी धरलेला मुलगा असे तिघे एकामागे एक उभे राहू शकतात. नायकाकडे लोक बहुधा एकाच भूमिकेसाठी येतात. याच्याकडे प्रत्येक जण वेगळ्याच माणसाला भेटायला येतो.

या संमेलनांची परंपराही तुझ्या समजुतीपेक्षा जुनी आहे. जानेवारी 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी पहिला मोठा मेळावा भरवला. मूळ मालिका त्याआधी 1969 मध्येच बंद झालेली होती. काहीशे माणसे येतील असा आयोजकांचा अंदाज होता. आली तीन हजारांहून अधिक. नासाने तेथे प्रदर्शनासाठी साहित्य पाठवले होते आणि विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्हही आला होता. म्हणजे ही प्रथा निर्मात्यांनी विक्रीसाठी सुरू केली नाही. बंद पडलेली मालिका सोडवेना म्हणून प्रेक्षकांनी ती सुरू केली. व्यापार मागाहून आला, आणि चांगलाच आला.

पैशांचे म्हणशील तर, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. पाहुण्या कलाकाराला काम मिळते ते भागागणिक. दोन कामांमध्ये किती महिने जातील याचा नेम नसतो आणि चेहरा झाकलेला असला तर जाहिराती मिळण्याचीही शक्यता नाही. संमेलनातील स्वाक्षरीचे आणि छायाचित्राचे पैसे हे अशा नटाचे हक्काचे उत्पन्न आहे. त्यात मला ओशाळवाणे काही दिसत नाही. काही जण मान वर न करता सही ठोकतात, असे चाहत्यांकडून ऐकायला मिळते, आणि ते वाईटच. कोम्ब्सच्या व्यासपीठावरील मुलाखतींची जी चित्रीकरणे मी पाहिली, त्यांत मात्र तो हजारदा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही पहिल्यांदाच सुचल्यासारखे देतो. हा अभिनयच असेल, असे तू म्हणशील. असेलही, पण तो उत्तम अभिनय आहे, आणि लोक त्यासाठीच आले आहेत.

लास वेगासच्या संमेलनांत तो आणखी एक गंमत करतो. मॅक्स ग्रोडेन्चिक, केसी बिग्ज, व्हॉन आर्मस्ट्राँग आणि तो, असे हे जुने पाहुणे कलाकार ‘रॅट पॅक’ नावाने एकत्र येऊन प्रसिद्ध गाण्यांच्या चालींवर ‘स्टार ट्रेक’ची शब्दरचना गातात. गाणे बरे असते, एवढेच म्हणतो. आपल्याच पात्रांची अशी थट्टा करायला आपल्या कामाविषयी खात्री असावी लागते.

त्याच्या एकपात्री प्रयोगाविषयी न लिहिता हे पत्र आवरता येत नाही. 2009 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या नाट्यगृहात गॉर्डनच्याच दिग्दर्शनाखाली त्याने ‘नेव्हरमोर’ सादर केला. अमेरिकी कवी एडगर ॲलन पो जाहीर वाचनासाठी उभा आहे, ज्या स्त्रीशी लग्न ठरू पाहते आहे ती श्रोत्यांत बसलेली आहे, आणि तो वाचता वाचता पीत पीत तिच्यादेखत कोसळत जातो. काही आठवड्यांसाठी ठरलेला हा प्रयोग लोकाग्रहास्तव महिनोन्‌महिने चालला. जो माणूस रबराच्या थराआडूनही पोहोचत होता, तो येथे कोणत्याही आडोशाविना दीड तास एकटा उभा राहिला, आणि त्याला पाहायला आलेल्यांत भयपटांचे व वेयूनचे चाहते होतेच. गॉर्डन 2020 मध्ये गेला. त्या जोडीचे रंगमंचावरील हे काम ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांचा मला मनापासून हेवा वाटतो.

तुला रक्त पाहवत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ‘री-ॲनिमेटर’च्या वाटेला सध्या जाऊ नकोस. आधी ‘ट्रेचरी, फेथ अँड द ग्रेट रिव्हर’ पाहा आणि त्यानंतर ‘द डॉग्ज ऑफ वॉर’. दुसरा भाग पाहताना ब्रंटच्या प्रवेशांत डोळे मिटून नुसता आवाज ऐक, आणि वेयून कोठे डोकावतो का ते मला कळव. मला अजून तरी तो सापडलेला नाही.

घरी सर्वांना नमस्कार सांगावा. पत्राची वाट पाहतो.

तुझा स्नेहांकित मित्र