आदर राहू द्या, आठ सेकंद द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पत्रांच्या पानावर दर काही दिवसांनी एक पत्र हमखास असतं, की आजकालच्या तरुणांना ज्येष्ठांबद्दल आदर उरला नाही, बसमध्ये उठून जागा देत नाहीत, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात वगैरे. मी ६९ वर्षांची आहे, म्हणजे ही पत्रं माझ्याच बाजूने लिहिलेली असतात म्हणा, पण खरं सांगू का, मला ती पटत नाहीत. मला तर पोरं चांगली भेटतात, हात धरून रस्ता ओलांडून देतात, हातातली पिशवी घेतात, एकदोघांनी तर आजी म्हणून गप्पाही मारल्यात. माझा प्रश्न वेगळाच आहे. मला रस्ता ओलांडायला कुणाचा हात लागतोच का? दोन वर्षांपूर्वी लागत नव्हता, आणि मला तसं फार काही झालेलंही नाही, गुडघे कुरकुरतात आणि चाल मंदावलीये एवढंच.

आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं रोज चाला. चालायचं म्हणजे मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या बागेत जायचं, कारण फूटपाथवर सलग शंभर पावलं टाकता येत नाहीत. तर त्या सिग्नलला रोज उभं राहून राहून मला एक चाळा लागला, मी मोबाईलमध्ये सेकंद मोजायला लागले. हिरवा माणूस १५ सेकंद. रस्ता मुलाने एका रविवारी टेपने मोजला, १८ मीटर भरला. म्हणजे सेकंदाला १.२ मीटर चाललात तर जेमतेम पोचता. हा १.२ चा आकडा काही आमच्याच चौकातला नाही, कितीतरी देशांत सिग्नलची वेळ ह्याच चालीवर बसवतात. आता इंग्लंडमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांची चाल मोजून बघितली होती, २०१२ मध्ये ते छापूनही आलं, तर पुरुषांची सरासरी निघाली ०.९ आणि बायकांची ०.८. म्हणजे मला १८ मीटरला साडेबावीस सेकंद लागणार. मिळतात पंधरा. पंधरा सेकंदांत मी १२ मीटरवर असते, हे माझ्या दोन पावलं मागे, आणि उरलेले ६ मीटर समोरच्या गाड्यांची कृपा.

त्यावर ह्यांनी उपाय काय काढलाय माहितीये, हिरवा दिवा लागलेला असताना पोचलो तर हे निघतच नाहीत. काठी टेकून उभे राहतात. तो हिरवा जाऊ देतात, मग लाल, मग पुढचा हिरवा लागला रे लागला की पहिल्या सेकंदाला पाऊल. लोकांना वाटतं म्हातारबुवांचं लक्ष नाही, मागून कुणीतरी म्हणतं आजोबा चला चला. अहो, लक्ष आहे म्हणूनच थांबलेत!

आणि हे जमतं बरं का करायला. सिंगापूरमध्ये २००९ पासून सिग्नलच्या खांबावर ज्येष्ठांचं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त मिळतो, रस्ता किती रुंद आहे त्याप्रमाणे. म्हणजे ज्याला वेळ हवाय त्यालाच मिळतो, बाकीच्या वेळी गाड्यांचा खोळंबा नाही. तेवढी यंत्रणा नसेल तर सरळ आठ सेकंद वाढवा. तेही नको असेल तर दुभाजकात उभं राहण्याइतकी मोकळी जागा ठेवा, अर्धा रस्ता आत्ता, अर्धा पुढच्या सिग्नलला. आमच्या दुभाजकात झाडं लावलीयेत, छान आहेत, फुलंही येतात, पण त्यात माणूस उभा राहू शकत नाही.

पडण्याची भीती काय असते ते पडल्याशिवाय कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात आणि त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढची. जे मरत नाहीत त्यांचं काय होतं ते प्रत्येकाने आपल्या घरात बघितलंय, खुबा मोडतो, ऑपरेशन होतं, माणूस घरी येतो आणि मग घराबाहेर जात नाही. आणि सगळे म्हणतात, ह्या वयात कशाला गेल्या होत्या बाहेर. फरशी का हलत होती हे कुणी विचारत नाही.

आता जे सांगणार आहे ते बायका आपसात बोलतात पण पेपरला लिहीत नाहीत, म्हणून मीच लिहिते. बाहेर जायचं असेल त्या दिवशी आम्ही पाणी पीत नाही. सकाळपासून घोटघोट. माझ्या एका मैत्रिणीला बीपीसाठी लघवी होणारी गोळी आहे, ती बाहेर जायच्या दिवशी गोळीच घेत नाही, घरी आल्यावर घेईन म्हणते आणि विसरते. डॉक्टरांना सांगत नाही, लाज वाटते म्हणून. मग उन्हात चक्कर येते आणि सगळे म्हणतात वय झालं. वय झालंच आहे हो, पण चक्कर वयाने नाही आली, रस्त्यात संडास नाही म्हणून आली. माझ्या डोक्यात शहराचा जो नकाशा आहे ना तो सगळा संडासांचाच आहे, कुठला उघडा असतो, कुठल्याची किल्ली समोरच्या टपरीवाल्याकडे असते, कुठला तीन पायऱ्या वर आहे. त्या तीन पायऱ्या कुणी आणि का केल्या देव जाणे. आणि आत जाऊन भिंतीला धरायला एक दांडा नसेल तर बसलेला माणूस उठणार कसा? एक स्टीलचा दांडा आणि चार स्क्रू, ह्याला काय स्मार्ट सिटी लागते का.

बाकाचंही तसंच. चालता चालता टेकायला जागा आहे हे माहीत असलं ना तर माणूस लांबही जातो, नसलं तर कोपऱ्यावरूनच परत. बागेत पंचवीस बाकं आणि बागेपर्यंतच्या रस्त्यावर एक नाही, असं का करतात ते मला कळलेलं नाही. न्यूयॉर्कने २०११ पासून मुद्दाम रस्त्यांवर बाकं बसवायला घेतली, बसस्टॉपपाशी, ज्येष्ठ लोक जिथे जास्त जातात तिथे. आणि बाक कसलाही चालत नाही. आमच्या बागेतले नवे बाक दिसायला देखणे आहेत, दगडाचे, पाठ नाही, हात नाही, बुटके. बसतो आम्ही पण उठायला दोघं लागतात. साधारण ४५ सेंटीमीटर उंची हवी, म्हणजे घरातल्या खुर्चीएवढी, आणि कडेला हात हवेत, त्यावर भार देऊनच उठता येतं. काही शहरांत बाकाच्या मधोमध दांडे लावतात, ते आमच्यासाठी नसतात, तिथे कुणी झोपू नये म्हणून असतात! पण तेवढ्या दांड्यानेही आमची सोय होते, काय म्हणावं ह्याला.

रॅम्पविषयी एकच सांगते. नियम जगात बहुतेक ठिकाणी १ ला १२ असा आहे, म्हणजे एक वीत चढायचं तर बारा विती लांब उतार. जोतं ४५ सेंटीमीटर असेल तर रॅम्प ५ मीटर ४० लांब पाहिजे. मी ज्या दवाखान्यात ह्यांना नेते तिथला रॅम्प मी पावलांनी मोजला, दीड मीटरही नाही. वर गुळगुळीत चकचकीत टाईल्स, कठडा नाही. तिथला शिपाई स्वतःहून म्हणाला, ताई तुम्ही पायऱ्यांनीच न्या, इथून घसरतात. म्हणजे कागदावर रॅम्प आहे.

संध्याकाळी सहानंतर आम्ही बाहेर का पडत नाही ह्याचंही कारण आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली बारीक होते आणि भिंग पिवळट होतं म्हणून. तुम्हाला जो रस्ता नीट उजळलेला दिसतो तो मला तिन्हीसांजेचा दिसतो, वर समोरच्या गाडीचे पांढरे दिवे डोळ्यात. पायरीच्या कडेला एक पिवळा पट्टा मारला तरी पायरी कुठे संपते ते कळतं, रंगाचा एक डबा पुरेल सगळ्या जिन्याला.

बसचं तर प्रत्येकालाच माहितीये. मला जागा नको, मला फक्त गाडी सुटायच्या आधी दांडा पकडू द्या एवढंच मागणं आहे. आणि गाडी फूटपाथला लावा हो, रस्त्याच्या मध्ये नको. खालच्या पायरीची गाडी आणली लाखो रुपये घालून आणि ती फूटपाथपासून चार हात लांब थांबवली तर रस्त्यावर उतरून परत चढायचंच आलं की. ॲपवरच्या तिकिटाबद्दल मी लिहीत नाही, त्यावर माझा नातू लिहील, त्यालाच दर वेळी फोन करते.

२००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांना सोयीच्या शहरांबद्दल एक मार्गदर्शिका काढली. त्यासाठी त्यांनी ३३ शहरांतल्या ज्येष्ठांनाच गोळा करून विचारलं, तुम्हाला कुठे अडतं. इमारती, वाहतूक, घरं, दवाखाने, काम, मान, सगळ्यावर बोलली माणसं, आणि त्यात बाकं आणि संडास ठळकपणे आलेत. म्हणजे जगभरच्या म्हाताऱ्यांचं रडगाणं एकच आहे, मला वाचून फार बरं वाटलं, आपण एकट्याच कुरकुरत नाही. आपल्याकडे मात्र ज्येष्ठांसाठी काही करायचं म्हटलं की विरंगुळा केंद्र काढतात. फीत कापतात, शाल देतात, कॅरम ठेवतात. केंद्र चांगलं आहे, मला कॅरम आवडतो, पण ते मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे आणि पहिल्या मजल्यावर आहे.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. ज्या कुणाच्या हातात हे रस्ते आहेत त्यांनी एक दिवस गाडी घरी ठेवून कुठल्यातरी सत्तरीच्या माणसाबरोबर, स्वतःची आई असली तरी चालेल, घरापासून दवाखान्यापर्यंत चालत जावं, तिच्याच चालीने, आणि ती जिथे जिथे थांबेल तिथे वहीत एक फुली मारावी. तिला काही विचारू नका, ती म्हणेल काही त्रास नाही रे, आम्हाला तशीच सवय आहे. नुसत्या फुल्या मोजा.

आणि तोपर्यंत सिग्नलचं बघा. त्याला खोदकाम लागत नाही, टेंडर लागत नाही, चौकातल्या त्या करड्या पेटीत १५ च्या जागी २३ करायचेत. मी परवा परत मोजले, अजून पंधराच आहेत.

आपली,
एक नियमित वाचक