नोंद नाही म्हणजे पूर येत नाही असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुराच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं, "गेल्या शंभर वर्षांत असा पूर आला नव्हता". ते वाचलं की मला दरवेळी विचारावंसं वाटतं, शंभर वर्षं मोजत कोण बसलं होतं? जगातल्या बहुतेक छोट्या नद्या-ओढ्यांवर पाणी मोजायची काहीच सोय नाहीये, आणि जिथे आहे तिथे कुठे २० वर्षांचा डेटा तर कुठे ३५, त्यात पण मधली काही वर्षं गायब. तरी पूल बांधायचा असतो, घरांना परवानगी द्यायची असते, पूररेषा आखायची असते, मग किती पाण्याचा पूर धरायचा तो आकडा येतो कुठून हे वाचकांना कळायला पाहिजे म्हणून हे पत्र. मी सिव्हिलवाला आहे, छोटे पूल आणि मोऱ्या यांच्यातच नोकरी गेली.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे फॉर्म्युला. पाणलोट क्षेत्र किती ते नकाशावरून मोजा, सूत्रात टाका, आकडा तयार. डिकन्सचं १८६५चं सूत्र आपल्याकडे प्रत्येक सिव्हिलच्या पोराने पाठ केलेलं असतं. त्यात एक गुणांक असतो, प्रदेशाप्रमाणे तो ६ पासून ३० पर्यंत काहीही घेता येतो. १०० चौरस किलोमीटरचं पाणलोट धरलं तर ६ घेऊन उत्तर येतं सेकंदाला १९० घनमीटर आणि ३० घेतलं तर ९५० च्या आसपास. म्हणजे पाच पट फरक! आणि रिपोर्टमध्ये शेवटी छापला जातो तो एकच आकडा, तो पण दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत. माझा राग सूत्रावर नाहीये, ज्या काळी काहीच नव्हतं तेव्हा ते कामाला आलं. राग आहे त्या दोन दशांशांवर.

दुसरा घोळ "शंभर वर्षांचा पूर" या शब्दांचा. लोकांना वाटतं एकदा येऊन गेला की आता नातवंडांनीच बघायचा. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी तो यायची शक्यता १ टक्का, यावर्षी आला तरी पुढच्या वर्षी परत १ टक्का. ३० वर्षांचं होमलोन घेतलंत तर त्या ३० वर्षांत तो एकदा तरी यायची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे साधारण चारातल्या एका घराच्या वाट्याला. आणि हा हिशोब पण तेव्हाच खरा जेव्हा शंभर वर्षांच्या पुराचा आकडा बरोबर आहे, २० वर्षांच्या डेटावरून काढलेला असेल तर देवच जाणे.

डेटा आहे म्हणजे सगळं ठीक असंही नाही. जर्मनीतल्या आर नदीचं उदाहरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. तिथे आल्टेनार या गावी १९४६ पासून पाणी मोजतायत, म्हणजे आपण हेवा करावा असा ७५ वर्षांचा रेकॉर्ड. त्यावरून शंभर वर्षांच्या पुराचा आकडा काढलेला होता सेकंदाला साधारण २४० घनमीटर, नकाशे त्याच्यावर. जुलै २०२१ मध्ये पाणी आलं ते याच्या कितीतरी पट, नक्की किती ते सांगणं अवघड कारण मोजणारं स्टेशनच पुरात गेलं, आणि त्या खोऱ्यात १३० च्या वर माणसं दगावली. आता खरी गोष्ट पुढे आहे. याच नदीला १८०४ मध्ये आणि १९१० मध्ये प्रचंड पूर आले होते, अभ्यासकांनी जुन्या खुणा आणि कागदपत्रं धुंडाळून त्यांचे आकडे २०२१ च्या आधीच काढून ठेवले होते, १८०४ चा तर हजार घनमीटरच्या वर जातो. पण नकाशे करताना हिशोबात धरली फक्त स्टेशन बसल्यानंतरची वर्षं. त्याआधीचं जणू काही घडलंच नाही. आपल्याकडे १९७९ मध्ये गुजरातेत मोरबीला मच्छू धरण फुटलं तेव्हाही सांडव्याची, म्हणजे धरणातलं जादा पाणी सोडायच्या वाटेची, जेवढी क्षमता होती त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पाणी आलं होतं असं नंतरचे हिशोब सांगतात.

मग जिथे काहीच रेकॉर्ड नाही तिथे करायचं काय? एक म्हणजे शेजारच्या नद्यांचा आधार घेणं. सारखा पाऊस, सारखी माती, सारखा उतार असलेल्या ज्या नद्या मोजल्या जातात त्यांचा डेटा एकत्र करून न मोजलेल्या नदीचा अंदाज काढतात. आपल्या केंद्रीय जल आयोगाने देशाचे २६ उपविभाग पाडून असे रिपोर्ट केलेले आहेत, आणि जगभरच्या जलशास्त्रज्ञांनी तर २००३ ते २०१२ हे अख्खं दशक न मोजलेल्या नद्यांच्या अंदाजासाठी वाहिलं होतं. पद्धत चांगली आहे पण शेजारी निवडताना डोकं लागतं, दोन नद्या नकाशावर शेजारी आहेत म्हणजे सारख्या वागतील असं नाही, एकीच्या खाली फुटलेला खडक आणि दुसरीच्या खाली चिकणमाती असली की संपलं.

दुसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, प्रत्यक्ष नदीवर जाऊन खुणा शोधणं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहते, ती बाहेरच्या भिंतीपेक्षा बंद खोलीच्या आत बघावी, कारण बाहेर लाटा आणि शिंतोडे उडून रेघ खऱ्या पातळीपेक्षा वर दिसते. पुलाच्या खांबाच्या ज्या बाजूने प्रवाह येतो तिथे पाणी आपटून चढतं, तिथली खूण घेऊ नये. झाडात अडकलेला पाचोळा घ्यायचा असेल तर जाड खोडाचा घ्या, लवचिक फांदी पुरात वाकते आणि पाणी गेलं की पाचोळ्यासकट वर उठते, मग पातळी फुकट वाढते. आणि हे सगळं पुढचा पाऊस पडायच्या आत. अशा चार-पाच खुणा मिळाल्या, नदीचे आडवे छेद घेतले, की मॅनिंगच्या सूत्राने (पात्राचा आकार, उतार आणि खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढायचं सूत्र) किती पाणी गेलं असेल त्याचा हिशोब करता येतो. तिथेही पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा अंदाजाने धरावा लागतो, ०.०३५ च्या जागी ०.०७ धरलं की पाणी थेट निम्मं होतं, त्यामुळे पात्रात झुडपं किती, दगड केवढे हे ऑफिसात बसून ठरवण्याचं काम नाही.

म्हाताऱ्या माणसांना विचारायचं तर "किती पूर आला होता" असं विचारू नये, "कितव्या पायरीपर्यंत" असं विचारावं, आणि दोघांना वेगवेगळं बसवून. आणखी एक गोष्ट फार जण सोडून देतात. १२० वर्षांचं घर आहे आणि आत कधीच पाणी शिरलं नाही, हा पण डेटाच आहे, एवढ्या वर्षांत उंबऱ्याच्या वर पाणी गेलं नाही असं ते सांगतंय. संख्याशास्त्रात ही माहिती नीट बसवता येते. फक्त मधल्या काळात खालच्या अंगाला नवीन पूल, भराव किंवा बंधारा झालाय का ते बघावं लागतं, तसं असेल तर जुना अनुभव तसाच्या तसा लागू पडत नाही.

माणसाच्या आठवणीच्या मागे जायचं तर गाळ आहे. मोठ्या पुरात दरीच्या कडेच्या कपारीत, जिथे पाणी संथ असतं, तिथे बारीक वाळूचे थर साचतात. त्या थरांचं वय काढून शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षांचे मोठे पूर सापडलेत, नर्मदा आणि तापीवरही असं काम झालंय. पण त्याला खडकाळ दरी पाहिजे, सपाट प्रदेशातल्या भटक्या नदीला हे लागू करता येत नाही.

सॅटेलाइट आणि एआयचं हल्ली फार कौतुक चाललंय, त्यात तथ्य आहेच, सेंटिनेल-१ सारखा रडारवाला उपग्रह ढगातून पण पाणी बघतो. पण तो दर काही दिवसांनी वरून जातो आणि छोट्या नदीचा पूर सहा तासांत येऊन जातो, म्हणजे फोटोत कोरडी नदी. फुकट मिळणारे उंचीचे नकाशे बऱ्याच ठिकाणी झाडाचा शेंडा आणि घराचं छप्पर जमीन समजून घेतात, तिथे दोन-तीन मीटरची चूक किरकोळ मानतात, आणि पूररेषेत दोन मीटर म्हणजे अख्खी वस्ती. एआयने न मोजलेल्या नद्यांवर पुढच्या काही दिवसांचा इशारा चांगला देता येतो, पण परवा पूर येणार आहे हे कळणं वेगळं आणि इथे घर बांधावं का हे ठरवणं वेगळं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पूररेषेच्या नकाशावर एकच रेघ छापू नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा पट्टा दाखवा, आणि शेजारी लिहा की हा आकडा किती वर्षांच्या मोजमापावरून आला, का नुसत्या सूत्रावरून. रेघेच्या अलीकडे दहा फुटांवर प्लॉट घेणाऱ्याला ते कळायचा हक्क आहे.

आणि एक विनंती तुमच्यासाठी. जुन्या पुरांच्या तारखा आणि पातळ्या सगळ्यात जास्त कुठे पडून असतील तर वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत. तुमच्या फायली स्कॅन करून अभ्यासकांना उघड्या करता आल्या तर बघा. पुढच्या पुराच्या वेळी बातमीत "सर्वत्र पाणीच पाणी" ऐवजी कुठल्या पुलाच्या कितव्या कठड्यापर्यंत आणि किती वाजता हे लिहायला सांगा, आणि फोटोग्राफरला म्हणावं फ्रेममध्ये एखादा विजेचा खांब नाहीतर पुलाचा कठडा येऊ दे, नंतर उंची मोजता येते.

आपला नियमित वाचक