नव्या स्की बोटीच्या बॅलास्ट टाकीतील दोष आणि नाकारलेली वॉरंटी : तक्रार पत्र

तारकर्ली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : २ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या वीस फुटी स्की बोटीच्या बॅलास्ट यंत्रणेतील दोष, दोन निष्फळ दुरुस्त्या आणि वॉरंटी नाकारल्याबाबत.

संदर्भ : आपला दि. ६ जानेवारी २०२६ चा ई-मेल.

महोदय,

दसऱ्याच्या दिवशी तुमची बोट आमच्या दारात ट्रेलरवरून आली. आईने नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला आम्ही ती कर्लीच्या खाडीत सोडली. आठ वर्षं मी आणि माझा धाकटा भाऊ इथे बनाना राइड, बंपर राइड चालवतो आहोत. पर्यटकांना वेकबोर्डिंग (बोटीमागे दोरी धरून फळीवर घसरत जाणं) आणि वेकसर्फिंग (दोरी सोडून बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभं राहणं) शिकवायचं हे आमचं जुनं स्वप्न होतं. देवबागच्या आतल्या अंगाला खाडीचं पाणी शांत असतं, शिकणाऱ्याला ते सोपं जातं. त्यासाठी ४६ लाख ५० हजार रुपयांची ही बोट घेतली. निम्म्याहून अधिक पैसे बँकेचे आहेत.

लाट मोठी उठावी म्हणून बोटीत पाणी भरून तिचं वजन वाढवायचं, हे बॅलास्टचं काम. या बोटीत मागे डाव्या-उजव्या बगलेला दोनशे-दोनशे लिटरच्या टाक्या आहेत आणि मधे तळाला दीडशे लिटरची एक. बॅलास्ट आम्हाला नवा नाही. आजोबांच्या काळी मचव्याच्या तळाला दगड भरत आणि त्याला नीरम म्हणत. दगड एकदा नीट रचला की जागचा हलत नसे. टाकीतलं पाणी मात्र हलतं. अर्धवट भरलेली टाकी बोट कलली की पाणी त्याच बाजूला लोटते आणि कल आणखी वाढवते. म्हणून कुठल्या टाकीत किती पाणी आहे, हे चालवणाऱ्याला प्रत्येक क्षणी खात्रीने ठाऊक असायला हवं. माझ्या तक्रारीचा गाभा हाच आहे. तुमच्या बोटीत हे मला ठाऊक होत नाही, आणि स्क्रीन मला चुकीचं सांगते.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की तिन्ही टाक्या १०० टक्के भरल्याचं स्क्रीनवर दिसत असताना बोट उजवीकडे कलते. डाव्या टाकीचं झाकण उघडून काठी घातली, तर पाणी जेमतेम निम्म्यावर. दोन-तीन दिवस घड्याळ लावून बसलो तेव्हा उलगडा झाला. टाकीत पातळी मोजणारं काहीच नाही. पंप ठरावीक मिनिटं फिरला की स्क्रीन टाकी 'भरली' म्हणते आणि उलटा तेवढाच वेळ फिरला की 'रिकामी' म्हणते. डाव्या पंपाच्या तोंडाशी रेती अडकली होती, म्हणून पाणी कमी येत होतं. बोटीच्या तळाचं भोक आणि पंप यांच्यामध्ये गाळणी नाही. खाडीत भरती-ओहोटीबरोबर रेती फिरणारच, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

यातून पुढचं नुकसान कसं झालं तेही समजून घ्या, कारण तुमच्या दोन्ही तंत्रज्ञांनी ते ऐकून घेतलं नाही. टाकी निम्मीच भरलेली, त्यामुळे ती उपसायला निम्माच वेळ लागतो. पंप मात्र ठरलेली सगळी मिनिटं फिरतो. म्हणजे रोज दर फेरीला तो काही वेळ कोरडा फिरत होता. पंपाच्या आत फिरून पाणी ढकलणारं चाक म्हणजे इम्पेलर, त्याची पाती रबराची असतात. पाणी हेच त्यांचं वंगण आणि पाण्यानेच ती थंड राहतात. कोरडी फिरली की काही मिनिटांत जळतात. २३ ऑक्टोबरला ऐन दिवाळीच्या गर्दीत मागचा कप्पा उघडला तेव्हा सायकलच्या दुकानात ट्यूब तापवल्यावर येतो तसा वास आला. पंपाचे चार स्क्रू काढले. इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी दोन बुडापासून तुटली होती, एक चिरली होती, आणि तुटलेला एक तुकडा पुढच्या नळीत अडकला होता. ते तुकडे मी स्टीलच्या डबीत जपून ठेवले आहेत. त्यांचे फोटो सोबत जोडतो. तुकडे मात्र तुमचा अधिकृत माणूस सही करून घेईल तेव्हाच देईन.

२७ ऑक्टोबरला आलेल्या तंत्रज्ञाने इम्पेलर बदलला आणि "हे होतंच" म्हणून गेला. पंप फिरण्याचा ठरलेला वेळ कमी केला नाही, गाळणी बसवली नाही. महिन्याभरात तोच पंप पुन्हा अडकला, त्याने जास्त करंट खेचला आणि २० अँपिअरचा फ्यूज उडाला. २४ नोव्हेंबरला आलेल्या दुसऱ्या तंत्रज्ञाने तिथे ३० अँपिअरचा फ्यूज बसवला. मी समोर उभा होतो. "वायर तेवढ्या करंटची आहे का?" असं विचारलं तर म्हणाला, "काळजी करू नका, आता उडणार नाही." फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. जाड फ्यूज घातला की तो उडत नाही, वायर तापते. डिसेंबरमध्ये कनेक्शन उघडून पाहिलं तर पंपाकडे जाणाऱ्या लाल वायरचं आवरण वीतभर तपकिरी पडून कडक झालं होतं. ती वायर पेट्रोलच्या टाकीपासून दोन हातांवरून जाते. बाकी सगळं एक वेळ मी समजून घेईन, पण कंपनीच्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेलं हे काम मला अजिबात माफ करता येत नाही.

आता २७ डिसेंबरचा प्रसंग. शनिवार होता, नाताळच्या सुट्टीतली गर्दी. कोल्हापूरचं पाच जणांचं कुटुंब बोटीत होतं, त्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. वेकसर्फिंग नव्हतं, नुसती संगमापर्यंतची फेरी होती. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती. टाक्या रिकाम्या केल्या होत्या, स्क्रीनवर तिन्ही ठिकाणी शून्य. परत फिरताना वेग वाढवला, पण बोट नेहमीसारखी पाण्यावर चढेना. मागे बसलेला भाऊ ओरडला, "दादा, बोट डावीकडे कलता हा!" वळणावर कल आणखी वाढला आणि डाव्या कठड्याला पाणी लागलं. ती मुलगी घसरून आईच्या पायाशी आली. मी इंजिन हळू केलं, सगळ्यांना उजव्या बाजूला सरकायला सांगितलं आणि बोट जवळच्या रेतीच्या पट्ट्यावर चढवली. बोटीच्या तळाला साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप सुरू झालाच नाही, होणारही नव्हता, कारण पाणी बोटीच्या तळाला नव्हतं, टाकीत होतं. झाकण उघडलं तर डावी टाकी काठोकाठ. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून थोडं जडच, म्हणजे दोनशे किलोंहून जास्त वजन एका बगलेला. तीन दांडगी माणसं एकाच कोपऱ्यात बसल्यासारखं.

ती टाकी कोणी भरली? कोणीच नाही. पंप बंद असताना रबराची पातीच पाणी अडवून धरतात. पाती पुन्हा तुटली होती, त्यामुळे बोट वेगात असताना तळाच्या तोंडातून पाणी आपसूक आत ढकललं गेलं. तळाचं भोक आणि पंप यांच्यात बंद करायला एक साधा कॉकसुद्धा नाही. नळीला एकच क्लिप आहे, आणि दोन महिन्यांतच तिला गंज चढला आहे. ती नळी निसटली तर पाणी थेट बोटीत येईल आणि मला ते थांबवता येणार नाही.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची होडी बुडून दोन जणांचे जीव गेले. ते दिवस आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यानंतर इथला प्रत्येक व्यावसायिक बोटीत माणसं घेताना दहादा विचार करतो. कोल्हापूरच्या त्या बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पैसेही परत मागितले नाहीत. मीच दिले. त्या दिवसापासून ही बोट मी पाण्यात घातलेली नाही.

आणि तुमचं उत्तर काय आलं? ६ जानेवारीच्या ई-मेलमध्ये दोन कारणं दिली आहेत. एक, बोट खाऱ्या पाण्यात वापरली. दोन, इम्पेलर हा झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत बसत नाही. कोटेशनवर 'वापराचे ठिकाण' या रकान्यात तुमच्याच विक्री प्रतिनिधीने 'मालवण, खाडी व समुद्र' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. मालवणात खारं पाणी नसेल तर काय असेल? ही बोट गोड्या पाण्यातच चालवायची असेल तर तेव्हाच सांगायचं होतं, मी घेतली नसती. दुसऱ्या कारणाबद्दल सांगायचं तर मी इम्पेलरचे पैसे मागतच नाही. दोन-दोन इम्पेलर माझ्या खर्चाने आणून ठेवायची माझी तयारी आहे. माझी तक्रार तो ज्या यंत्रणेत जळतो तिच्याबद्दल आहे.

म्हणून माझी मागणी अशी. बोट बनवणाऱ्या कारखान्याचा अभियंता इथे पाठवा, स्थानिक एजन्सीचा माणूस नको. तळाच्या प्रत्येक तोंडाशी बंद करता येणारा कॉक आणि गाळणी बसवा. नळ्यांना स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी क्लिप लावा. टाक्यांत पातळी मोजणारे सेन्सर घाला आणि पंप कोरडा पडला की आपोआप थांबेल अशी सोय करा. जळालेली वायर पूर्ण बदला, फ्यूज पुन्हा योग्य मापाचा घाला. हे सगळं झाल्यावर प्रवासी न घेता, माझ्यासमोर, भरतीला आणि ओहोटीला बोट चालवून दाखवा, आणि बॅलास्ट यंत्रणेची वॉरंटी त्या दिवसापासून नव्याने लिहून द्या. २८ डिसेंबरपासून रद्द झालेल्या बुकिंगची भरपाईही हवी. त्याचा हिशेब पावत्यांसह जोडला आहे.

आमचा हंगाम २५ मेपर्यंत. २६ मे ते ३१ ऑगस्ट पावसाळ्यात सगळं बंद असतं आणि बँकेचा हप्ता बाराही महिने असतो. म्हणून हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. ते आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी सिंधुदुर्ग जिल्हा आयोगात जाईन. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यातच चालते आणि ग्राहक राहतो तिथे ती दाखल करता येते. बोट 'व्यावसायिक' वापराची असल्याचं तुम्ही पुढे कराल, म्हणून आधीच सांगतो. ती मी स्वतः चालवतो, भाऊ सोबत असतो आणि आमचं घर त्यावरच चालतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यावसायिक धरत नाही.

इंजिन तुम्ही उत्तम दिलं आहे, सुकाणू हलकं आहे, लाटही सुरेख उठते. पहिल्या आठवड्यात आमच्या गावची दोन मुलं दोरी सोडून त्या लाटेवर उभी राहिली, तेव्हा भाऊ आणि मी दोघेही हरखून गेलो होतो. बोट परत करायची माझी इच्छा नाही. ती सध्या घरामागे माडाखाली, ताडपत्री घालून ट्रेलरवर उभी आहे. डाव्या पंपाच्या दोन्ही वायरी मी काढून टेप लावून ठेवल्या आहेत. अभियंता कोणत्याही दिवशी आला तरी मी घरी असेन. येण्याच्या आदल्या दिवशी एक फोन करा, म्हणजे भरतीची वेळ बघून ठेवता येईल.

कळावे,

आपला ग्राहक,
(सही)

सोबत : कोटेशन व खरेदी पावतीची प्रत, दोन्ही सेवा भेटींचे कागद, इम्पेलर व जळालेल्या वायरचे फोटो, रद्द बुकिंगचा हिशेब.