स्वस्त कापडाचं खापर आमच्या माथी का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इंग्लंडमधल्या लँकेशायरवरचा पानभर लेख वाचला. फोटो मस्त आहेत, तिथल्या पेंडल हिल या डोंगराचा तर फारच छान, आणि १६१२ च्या चेटकिणींच्या खटल्याला दोन कॉलम दिलेत तेही ठीक, वाचायला मजा येते. पण ज्या कापसाच्या गिरण्यांनी लँकेशायर नावारूपाला आलं त्या कापसाला किती ओळी? तीन! त्यातली शेवटची काय तर म्हणे आशियातल्या स्वस्त कापडामुळे तिथला धंदा बुडाला. वा! म्हणजे खापर फुटलं ते आमच्याच डोक्यावर.

अहो, १८९६ मध्ये आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर (म्हणजे इथेच तयार होणाऱ्या मालावरचा कर) बसला तो कुणाच्या हट्टापायी? लँकेशायरवाल्यांच्याच ना? त्यांचं म्हणणं, त्यांच्या मालाला इथे येताना जेवढी ड्युटी तेवढाच कर इथल्या मालावरही हवा, म्हणजे त्यांचं नुकसान नको. तो कर थांबायला १९२५ चा डिसेंबर उजाडला. आणि १८६१ ला अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न-प्रेस्टनच्या गिरण्या बंद पडून लोक उपाशी राहायला लागले तेव्हा मात्र आपला कापूस धावून गेला, तोसुद्धा आखूड धाग्याचा, कचरा फार म्हणून नाकं मुरडत घेतला. याबद्दल तुमच्या लेखकाला एक अक्षर लिहावंसं वाटलं नाही. "पाऊस फार, छत्री न्या" एवढं मात्र आवर्जून लिहिलंय! समुद्रावरचे ढग तिथल्या पेनाइनच्या डोंगरांना अडतात, हवा दमट राहते, दमट हवेत सूत कमी तुटतं, शिवाय जमिनीखाली कोळसा, म्हणून तर गिरण्या तिथे उभ्या राहिल्या.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, चालवायचे. साच्याच्या बाजूला लोखंडातच "ब्लॅकबर्न" असं ओतलेलं होतं, वडिलांना इंग्रजी येत नव्हतं पण ते गाव त्यांना पाठ होतं. पुढे मुलगी तिकडे गेली म्हणून मला लँकेशायरमधल्या बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल बघायला मिळाली, तिथे वाफेच्या इंजिनावर साचे चालवून दाखवत होते. पट्टे फिरायला लागले आणि कान बंदच झाले. तिथली गाइड बाई सांगत होती की या गोंगाटात कामगार बायका ओठ वाचून बोलायच्या, तोंड मोठं मोठं हलवून. वडील घरीसुद्धा असेच ओठ ताणून, हातवारे करत बोलायचे आणि आई म्हणायची, "अहो, हे घर आहे, गिरणी नाही." मग गाइड बाईने धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो) तोंडाला लावून भोकातून सूत कसं ओढायचं त्याची नुसती ॲक्शन करून दाखवली, म्हणाली तब्येतीला वाईट म्हणून १९५२ ला आमच्याकडे बंद केलं. आमच्या वडिलांनी ८२ चा संप होईपर्यंत तसंच सूत ओढलं. खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

बाकी भूगोलाबद्दल काय बोलावं. मँचेस्टर, लिव्हरपूल ही लँकेशायर कौंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, मुख्य शहरं म्हणे! १९७४ ला दोन्ही बाहेर गेली साहेब, आपला क्रिकेटपटू फारुख इंजिनियर लँकेशायरकडून ज्या ओल्ड ट्रॅफर्डवर खेळला ते मैदानसुद्धा आता ग्रेटर मँचेस्टरात आहे. कौंटीचा कारभार प्रेस्टनहून चालतो. आणि अर्थव्यवस्था म्हणजे काय तर ब्लॅकपूलचा टॉवर आणि चीज. तिथल्याच वॉर्टनला लढाऊ विमानं बनतात, आपल्या हवाई दलाची सुरुवातीची बरीच जॅग्वार तिथलीच, पण विमानाच्या कारखान्याचा फोटो काही पुरवणीत शोभत नसेल.

हे पत्र छापणार असाल तर एक विनंती, अबकारी कराचा भाग कापू नका. मागच्या खेपेला माझ्या पत्रातली तक्रार तेवढी काढून टाकलीत आणि "आपला अंक नेहमी वाचतो" हे वाक्य मात्र ठळक टायपात छापलंत.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली