लॉकची शेपटी मागे

वेळणेश्वर, रविवार रात्री

चि. बायस अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन ठेवलास ते बरंच केलंस. "मुलीच्या जातीला कशाला हवीत असली काळी कामं" हे मी बोलले आणि माझ्याच कानाला आत्याचा आवाज ऐकू आला. ते बोलणं मी परत घेते. मोटरसायकलची चेन तू घरीच बदल. फक्त चेनची दोन टोकं जोडणारं लॉक नीट बसव. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी आलंच.

बाबांना तुला सांगायचंय. फोनवर त्यांचे शब्द अडकले की तू रडायला लागतेस, मग ते फोन माझ्या हातात देतात. म्हणून पडवीत बसून ते सांगतायत आणि मी लिहितेय. मधेमधे माझंही घुसेल, ते तुला ओळखू येईलच.

तू पाठवलेला चेनचा फोटो भाऊने मोठा करून दाखवला. बाबा म्हणाले, स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या दातेरी चक्रांचे दाते अजून उभे आहेत, लाटेसारखे एका अंगाला वळलेले नाहीत, तेव्हा नुसती चेन बदलून भागेल. वळलेले असते तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच घ्यावी लागली असती, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही. जुनी खरंच गेलीय का तेही पाहून घे. तिच्या पट्टीवर ४२८ कोरलंय ना, त्यात दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. म्हणजे २० कड्या ताणून धरल्या की बरोबर १० इंच भरायला हवेत. त्यावर दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेलं की चेन संपली. माझी शिवणाची टेप तेवढ्यासाठी कितीदा ग्रीसने बरबटली, तू पाहिलंयस. नवी चेन घेताना लांबी बघू नकोस, कड्या मोज. जुनी ताणलेली असते, तिच्या लांबीने फसायला होतं. कड्या जास्त निघाल्या तर कानशीने पिनेचं डोकं घासून, खिळा ठोकून कमी करता येतात म्हणे, पण तू आपली मोजून बरोबर तेवढ्याचीच आण.

आता काम. गाडी मधल्या स्टँडवर घे, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. किल्ली काढून आपल्या खिशात ठेव. चेन साफ करायची असो की तेल सोडायचं असो, गाडी चालू ठेवून चेनजवळ हात न्यायचा नाही. चाक हातानेच फिरवायचं, तेही सावकाश. कव्हर काढून झालं की मागच्या आसाचा नट सैल कर (आधी नट अडवणारी स्प्लिट पिन काढायची, जोर करत बसू नकोस), दोन्हीकडचे चेन ताणायचे अ‍ॅडजस्टर सैल कर आणि चाक थोडं पुढे ढकल. मग लॉक मागच्या स्प्रॉकेटवर येईल असं चाक फिरव. तिथे दाते चेनची दोन्ही टोकं धरून ठेवतात, तिसरा हात लागत नाही. पक्कडीने लॉकला उघड्या तोंडाकडून बंद तोंडाकडे रेटायचं, की ते निसटतं. आणि उडतं! वर फडकं धर. मी किती लॉकं त्या जांभ्याच्या फटीतून वेचलीत ते माझं मला माहीत.

जुनी चेन लगेच ओढून काढू नकोस. तिच्या टोकाला नवीचं टोक त्याच लॉकने तात्पुरतं जोड आणि जुनी हळूहळू ओढत जा. नवी आपसूक पुढच्या स्प्रॉकेटवरून फिरून येते, ते कव्हर उघडायला नको. ही युक्ती बाबांना कोणी शिकवली नाही. परकराला नाडी घालताना मी जुन्या नाडीला नवी बांधून ओढते, ते पाहून सुचलं त्यांना. आत्ता हे लिहितेय तर मान हलवतायत, नाही म्हणून. लिहू दे. खरं आहे ते.

मग नवं लॉक. गो बाय, हे दोनदा वाच. लॉकचा आकार माशासारखा असतो, एकीकडे बंद डोकं, एकीकडे फाटलेली शेपटी. लॉक वरच्या बाजूला असताना डोकं पुढे, हेडलाइटकडे. शेपटी मागे. मासा डोकं पुढे करून पोहतो, तसंच. उलट बसवलं की कुठे काही अडकलं तर उघडं तोंडच त्यावर आपटतं आणि लॉक निघून जातं. "टक्" असा आवाज येऊन दोन्ही पिनांच्या खाचेत बसलं पाहिजे. बसल्यावर नखाने हलवून बघ.

ढिलाई खालच्या बाजूला मधोमध बोटाने उचलून बघायची, साधारण इंचभर. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघ. बाबांचं म्हणणं, जरा सैल चालेल पण तारेसारखी ताठ नको, बेअरिंगं खाते. दोन्ही अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेव, नट आवळ, नवी स्प्लिट पिन घाल. आणि ब्रेक! नवी चेन आखूड, म्हणून चाक पुढे येतं आणि मागचा ब्रेक सैल पडतो. रॉडचा नट आवळून, अंगणात दाबून बघितल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. नवी चेन रॉकेलने धुऊ नकोस, आतलं ग्रीस जातं. आठवड्याने नव्वद नंबरचं ऑइल सोड. तवसाळ-जयगडच्या बोटीवर पुढच्या फळीपाशी गाडी लावतेस ना, तिथे खारं पाणी उडतं. मधे लावत जा. घरी आलीस की आधी गाडीवर गोडं पाणी, मग चहा.

शाळामास्तरणीसारखं झालं. माफ कर. तुला यातलं निम्मं येतंच. दहावीच्या सुट्टीत तू पंक्चर काढलंस तेव्हा बाबा सगळ्या वाडीत सांगत सुटले होते, आणि मी म्हटलं होतं, नखं बघ कशी झालीत. तेवढंच म्हटलं होतं.

बाबा झोपले. आता माझं लिहिते.

गाडीच्या डाव्या केसिंगवर वेल्डिंगचा तो फुगवटा आहे ना, लहानपणी ज्यावर बोट फिरवत बसायचीस. तू दीड वर्षाची होतीस. बाबांना चिपळूणला जायचं होतं, निघायची घाई, आणि त्यांनी पडवीत चेन बदलली. उजेडाला बॅटरी मी धरली होती. दर वेळी मीच धरायची. त्या वेळी शेपटी पुढे होती. मला दिसलं. रोजच्यासारखं नाही हे कळलं, पण वाटलं, आपल्याला काय कळतं, त्यांनी विचार करूनच बसवलं असेल. गप्प राहिले. रात्री आठला यायचे ते आले दीडला. शृंगारतळीच्या अलीकडे चेन निघाली, केसिंग फोडून चाकात अडकली. पावसात गाडी ढकलत होते, मग एका टेम्पोवाल्याने घेतलं. पिशवीतली सुरमई वास मारत होती आणि गुडघ्यातून रक्त. मी तुला मांडीवर घेऊन साडेपाच तास ओट्यावर बसले होते. कोणाचं काय चुकलं हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मार्चमध्ये त्यांचा हात लुळा पडला तेव्हाही आधी तेच डोळ्यासमोर आलं, मेलं.

म्हणून दुपारी तसं बोलले. चेनबद्दल नव्हतंच ते.

गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान भाऊ आणेल, गणपती मूर्तिशाळेतून आणायला तू लागशील. बाबांना यंदा उचलवणार नाही. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेव, आणि उजेडात नीघ.

लॉक बसवलंस की जवळून फोटो काढून पाठव. बाबा बघतील, मी पण बघेन. उलट दिसलं तर तू कितीही चिडलीस तरी सांगेन.

तुझी
आई

ता. क. जुनी चेन टाकू नकोस, बाबांना हवीय. कशाला ते सांगत नाहीत.