न्हाणीघराचे दार कोणत्या बाजूला उघडते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील ज्येष्ठांच्या नव्या निवासी सेवाकेंद्रांवरचा लेख मी दोनदा वाचला. दर्शनी भागातील कारंजे, छोटे चित्रपटगृह, औषधी वनस्पतींची बाग या सगळ्याची त्यात सविस्तर दखल आहे आणि लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्या वास्तूत राहणाऱ्याला उठण्या-बसण्यापासून अंघोळीपर्यंत रोज दुसऱ्याचा हात लागतो, त्या वास्तूविषयीच्या दोन पानी लेखात न्हाणीघराबद्दल एक वाक्यही नसावे, याचा मला मनापासून राग आला आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी आई ८१ वर्षांची असताना पक्षाघाताने तिची डावी बाजू लुळी पडली. आम्ही तिला अशाच एका नव्याकोऱ्या, चकचकीत केंद्रात ठेवले होते. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण माझे भांडण एका केंद्राशी नाही. तिच्या खोलीला मोठी खिडकी होती, भिंतींना सुंदर रंग होता. न्हाणीघराला चार बोटे उंच उंबरा होता, आत आरशासारख्या गुळगुळीत टाईल्स होत्या आणि कमोडशेजारी आधाराची एकच दांडी होती, तीही डाव्या हाताला, म्हणजे तिच्या लुळ्या बाजूला. बेल पलंगाच्या उशाशी होती, न्हाणीघरात नव्हती. आणि दार आत उघडणारे होते.

एका पहाटे मावशींना हाक न मारता ती एकटीच गेली. तोल गेल्यावर तिने उजव्या हाताने जे हाताशी आले ते धरले, ती टॉवेलची दांडी होती. दांडी स्क्रू आणि प्लास्टिकच्या गिट्ट्यांसकट भिंतीतून उपसून आली आणि आई दाराला टेकूनच खाली कोसळली. बाहेरून दार ढकलले की ते तिच्या पायावर दाबले जाई आणि ती ओरडे, त्यामुळे ढकलणेही थांबवावे लागले. बिजागऱ्या आतल्या बाजूला, त्यामुळे दार काढताही येईना. शेवटी झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि स्वयंपाकघरातला एक सडपातळ मुलगा त्यातून आत उतरला. मी पोहोचले तेव्हाही ती दांडी तिच्या मुठीत होती, आणि तिच्याभोवती ओल्या फरशीवर पांढऱ्या प्लास्टरचा भुगा पडला होता. या सगळ्यात चाळीस मिनिटे गेली. खुब्याचे हाड मोडले होते.

त्यानंतर आई पुन्हा चालली नाही. पण त्याहून मला जास्त लागले ते हे, की तिने पाणी पिणे कमी केले. न्हाणीघरात जावे लागू नये म्हणून ती भांड्यातले पाणी अर्धे ठेवायची आणि विचारले तर तहान नाही म्हणायची.

दुसरी जागा शोधताना मी पर्समध्ये मोजपट्टी घेऊन फिरले. सात केंद्रे पाहिली. चाकाची खुर्ची साधारण सव्वीस इंच रुंद, तर न्हाणीघराची चौकट बहुतेक ठिकाणी जेमतेम अठ्ठावीस इंच. चाकावर हात असेल तर बोटांची सालटी निघतात. पाचांची दारे आतच उघडत होती. सातवी जागा नाशिक जिल्ह्यातले एक जुने घर होते. संगमरवर नाही, कारंजे नाही, पण खाली खडबडीत शहाबादी फरशी, दोन्ही भिंतींना नळाच्या लोखंडी पाइपच्या दांड्या, बाहेर उघडणारे दार आणि बाहेरून नाण्यानेही फिरवता येईल अशी कडी. कमोडवर मुद्दाम निळी बैठक बसवली होती. पांढऱ्या फरशीवर पांढरे भांडे अंधूक नजरेला दिसत नाही, हे तिथल्या बाईंनी मला समजावून सांगितले. आईचे शेवटचे चौदा महिने तिथे गेले आणि ती पुन्हा पोटभर पाणी पिऊ लागली.

हे दयेवर सोडलेले काम नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याचे, नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि उताराचे प्रमाण १:१२, म्हणजे एक फूट चढणीला बारा फूट लांबी, दिलेले आहे. अशा सूचना केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. आता आपण छापलेले छायाचित्र पाहावे. प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या, म्हणजे सुमारे दीड फुटाची चढण, तिला अठरा फूट लांबीचा उतार हवा. शेजारी दिसतो तो जेमतेम सहा फुटांचा. त्यावरून खुर्ची वर ढकलायला दोन माणसे लागतील आणि उतरवताना बसलेला माणूस पुढे पडेल.

हे छायाचित्र मला भिंग घेऊन पाहावे लागले, हेही सांगते. ज्येष्ठांसाठीचा लेख आपण राखाडी पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापता, तेव्हा तो कोणी वाचावा अशी आपली अपेक्षा आहे? माझ्या शेजारच्या ७८ वर्षांच्या काकांना तो मी वाचून दाखवला.

माझी विनंती आहे की आपल्या प्रतिनिधीला त्या केंद्रांत पुन्हा पाठवावे, प्रत्येक न्हाणीघराचे दार त्यांनी स्वतः उघडून पाहावे, आधाराच्या दांडीला आपला सगळा भार देऊन लोंबकळून पाहावे, आणि कोणते दार कोणत्या बाजूला उघडते ते केंद्राच्या नावासह छापावे, काळ्या, ठळक अक्षरांत.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे