खिडकीतलं चार वाजताचं ऊन

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा तुम्ही विचारलंत ना, की चार वर्षं परदेशात राहून, तिथं हातात चांगलं काम असताना तू परत का आलीस, फोटोग्राफरला तर जग बघायला मिळायला हवं. तेव्हा मी रस्त्यात उभी होते, समोरच्या भिंतीवरचं ऊन उतरायला लागलं होतं, म्हणून नंतर सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. तुमचा आवाज थोडा पडल्यासारखा वाटला. रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर मला हे धड सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलेय, लांबलं तर दोन बैठकीत वाचा.

तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात माझे सगळे फोटो बिघडले होते हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. बर्फ करडा, मळकट यायचा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर जे काही आहे ते मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र बर्फालाही ते करडा करून टाकतं, मग आपण एक-दोन स्टॉप एक्सपोजर वाढवून द्यायचं, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड दुप्पट-चौपट करायचा. हे मला आठवडाभरात जमलं. जे चार वर्षांत जमलं नाही ते वेगळंच होतं. ट्राममध्ये माझ्यासमोर दोन म्हाताऱ्या बायका रोज बसायच्या, एक बोलायची आणि दुसरी अचानक तोंडावर हात ठेवून हसायची, मला तो हात तोंडाकडे जाताना हवा होता, पण दरवेळी हात तोंडावर पोचलेला तरी असायचा नाहीतर खाली तरी आलेला असायचा. कारण ती पहिली काय बोलतेय ते मला आधी डोक्यात उलटून घ्यावं लागायचं, आणि तेवढ्यात क्षण निघून जायचा. त्यांची भाषा मी शिकले होते हो, परीक्षा पण पास झाले होते, पण हसू फुटायच्या आधी आवाज किंचित खाली येतो ना, ते मला त्या भाषेत ऐकूच यायचं नाही.

इथं मी पाठमोरी असले तरी कळतं. मागं दोन माणसं बोलतायत, एकाचा स्वर चढला, आता दुसरा एक पाऊल मागं घेणार, हे वळून बघायच्या आत कळतं आणि मी कॅमेरा वर उचलूनच वळते. यात माझी काही हुशारी नाही, लहानपणापासून तुमची, शेजाऱ्यांची, रस्त्यावरच्या लोकांची भांडणं आणि समजुती ऐकत मोठी झाले त्याचं ते देणं आहे.

अजून एक गोष्ट आहे, तीही तेव्हा सांगितली नव्हती. तिकडच्या एका संस्थेकडे मी प्रदर्शनासाठी फोटो पाठवले होते, सुट्टीत घरी येऊन काढलेले, आपली खिडकी, आईचे हात, जिन्यावरचा अंधार. उत्तर आलं की फोटो चांगले आहेत पण यात तुमचा देश दिसत नाही. म्हणजे त्यांना गर्दी हवी होती, भडक रंग हवे होते, नाहीतर गरिबी. मला फार लागलं ते. आईचे हात म्हणजे देश नाही तर मग काय आहे?

त्या दिवसांत मी रघुवीर सिंह यांचे फोटो खूप बघायचे. हा माणूस जयपूरला जन्मला आणि पुढं हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क असा सगळीकडे राहिला, पण कॅमेरा घेऊन पुन्हा पुन्हा भारतातच येत राहिला. मोठे फोटोग्राफर कृष्णधवललाच कला मानत होते त्या काळात हा हट्टानं रंगीत फिल्म वापरायचा, त्याचं म्हणणं होतं की इथं रंग वरून लावलेला नाही, आपल्या बघण्यातच मुरलेला आहे. त्याचे फोटो बघून मला पटलं की पत्ता कुठलाही असू दे, नजर एकाच ठिकाणची असते. त्याला लांब राहून ती जपता आली. मला नव्हती जपता येत, हे मी स्वतःशी कबूल केलं आणि तिकीट काढलं.

बाबा, तुम्हाला योसेफ सुदेकबद्दल सांगायचंय, तुम्हाला तो नक्की आवडेल. प्रागचा, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीतला फोटोग्राफर. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी झाला आणि त्याचा उजवा हात गेला. 1926 मध्ये मित्रांच्या वाद्यवृंदाबरोबर तो परत इटलीला गेला आणि एका रात्री कार्यक्रम चालू असताना मधेच उठून निघून गेला, अंधारात, गावाबाहेर, जिथं हात गमावला ती जागा शोधत. ती जागा सापडली, हात अर्थातच नाही. दोन महिने मित्रांना त्याचा पत्ता नव्हता. परत आला तो ठरवूनच, की आता कुठं म्हणून जायचं नाही. आणि खरंच, पुढं आयुष्यभर तो प्राग आणि आजूबाजूलाच राहिला. 1940 ते 1954 त्यानं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले, एकच खिडकी, चौदा वर्षं! स्टुडिओ म्हणजे अंगणातलं लाकडी खोपट, बाहेर एक वाकडंतिकडं सफरचंदाचं झाड. काचेवर कधी वाफ धरलेली, कधी थेंब ओघळलेले, कधी बर्फाची नक्षी, मागं ते झाड जेमतेम दिसतंय. त्यातली पहिली पाच वर्षं शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, बाहेर मोकळेपणानं कॅमेरा घेऊन फिरणं अवघड, म्हणून तो आत वळला. आणि हे सगळं मोठा जड कॅमेरा एका हातानं सांभाळून, गरज पडली तर दातांची मदत घेऊन. मी त्या खिडक्या बघते तेव्हा मला घुसमट अजिबात वाटत नाही, उलट वाटतं की या माणसाला ती काच कुठल्या महिन्यात कशी वागते हे पाठ झालं होतं. पाहुण्याला हे कसं कळेल, तो चार दिवस राहतो, वाफ धरली तर धरली.

प्रागचाच दुसरा एक, योसेफ कुडेल्का. ऑगस्ट 1968 मध्ये रशियाचे आणि त्यांच्या मित्रदेशांचे रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा तो तिथं होता, तीस वर्षांचा, रोमानियात रोमा, म्हणजे युरोपातल्या भटक्या समाजाच्या लोकांचे फोटो काढून नुकताच घरी आला होता. तोवर बातमीचे फोटो हे त्याचं कामच नव्हतं, नाटकांचे काढायचा. पण शहर त्याचं होतं, रणगाड्यांपुढं उभे राहून सैनिकांशी वाद घालणारे लोक त्याचे होते, म्हणून ते फोटो तसे आलेत असं मला वाटतं. फिल्म चोरून देशाबाहेर गेली आणि 1969 मध्ये फोटो जगभर छापून आले, नावाच्या जागी फक्त पी. पी., म्हणजे प्रागचा फोटोग्राफर. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून. 1970 मध्ये त्यानं देश सोडला तरीही नाव लपवलेलंच, ते फोटो माझे आहेत हे त्यानं उघडपणे सांगितलं 1984 मध्ये, वडील गेल्यावर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमची इतकी आठवण आली की त्या रात्री उगीचच फोन केला होता, आईनं विचारलं पण होतं, बरी आहेस ना गं?

आता दुसरी बाजूही सांगते. घरी राहून डोळे मरतात, हे खरंय. रोजच्या रस्त्यावर काही दिसेनासं होतं, खांब, तारा, तीच माणसं. परत आल्यावर पहिले सहा महिने मला एकही धड फोटो मिळाला नाही, रोज संध्याकाळी कॅमेरा रिकामा घेऊन यायचे आणि वाटायचं चुकले मी. मग एकच लेन्स ठेवली, 35 एमएम, बाकीच्या कपाटात टाकल्या, आणि ठरवलं की एकाच अर्ध्या किलोमीटरच्या रस्त्यावर रोज जायचं, फोटो मिळो न मिळो. असं सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात जरा उघडायला लागलं. कुठला माणूस किती वाजता येतो, उन्हाळ्यात सावली कुठल्या बाजूला पडते आणि थंडीत ती रस्ता ओलांडून पलीकडे कशी जाते, हे कळलं की मग आपण शोधत नाही, वाट बघतो. बाहेर मी कायम शोधत होते. मला वाटतं सगळा फरक इथंच आहे बाबा.

आमच्या बिल्डिंगचे वॉचमन काका आहेत. त्यांचा फोटो काढायचा म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त खुर्चीवरून उठले, पाठ वळवली, शर्टाचं वरचं बटण लावलं, पुन्हा वळून बसले. बटण अर्धं तुटलेलं होतं, जाड बोटांनी लावायला वेळ लागला. मी थांबले. कॅमेरा खाली धरून थांबले, कारण तो पाठमोरा फोटो घ्यायचा नसतो हे मला न सांगता माहीत होतं. तिकडे असते तर कदाचित नेमका तोच फोटो काढला असता आणि वर लोकांनी वाखाणला पण असता. दुसऱ्या दिवशी प्रिंट करून दिला, त्यांनी तो पाकिटात घालून मुलाला पाठवला. मला त्यांच्यासमोरून रोज जायचंय, हे डोक्यात असतं ना, त्यानं फोटो बदलतो. चांगलाच होतो असं मी म्हणेन.

तर आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. मला तुमच्या दोघांचे फोटो काढायचेत. वाढदिवसाचे नाही, रोजचे. दर महिन्यातले चार-पाच दिवस मी घरी येऊन राहीन, निदान वर्षभर, जमलं तर पुढंही. लॅरी सुल्तान नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं आपल्या आई-वडिलांचे फोटो असेच जवळजवळ दहा वर्षं काढले, 1982 पासून. वडिलांना ते सगळेच आवडायचे नाहीत, पलंगावर बसलेल्या एका फोटोबद्दल तर ते म्हणायचे की यात मी नाही, तूच आहेस. तुम्हीही म्हणा बाबा, नक्की म्हणा, न आवडलेला फोटो मी कुठं दाखवणार नाही, हा शब्द देते.

आणि आई, तू प्रत्येक फोटोत हललेली आहेस. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे, बाबा एकेक मोजून काढायचे आणि छत्तीसातल्या ज्या दोन-तीनात तू यायचीस त्यात तुझा चेहरा पुसट, कारण तू तेवढ्यात कुणाला तरी काहीतरी द्यायला वळलेली असायचीस. मला तू स्थिर बसायला नकोयस. तू वळतानाच हवीयस, मला आता माहितीये कधी दाबायचं.

तुमच्या खोलीच्या खिडकीतून चार वाजता ऊन येतं, गजांची सावली फरशीवरून सरकत कपाटाच्या पायापर्यंत जाते, लहानपणी मी त्या सावलीवर पाय ठेवून चालायचे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतेय. खिडकीला नवीन जाड पडदा लावायचा म्हणत होतीस ना आई, तो मी येईपर्यंत लावू नकोस. आणि बाबा, जुना कॅमेरा माळ्यावरून काढून ठेवा, त्याच्यात अजून एक रोल अर्धा राहिलाय असं तुम्ही म्हणाला होतात.

तुमची,
धाकटी